मातकट लाल

१२ ऑक्टोबर, रविवार

माझ्या पोटात तीळ भिजत नाही, असं माहेरी-सासरी दोन्हीकडे प्रसिद्ध आहे. तरी ऑगस्टपासून एक गोष्ट पोटात ठेवून बसलेय. आता ती आत मावेना, म्हणून ही वही.

उदयसिंहांना टीबी आहे. लिहिला एकदाचा तो शब्द. नवऱ्याचं नावही लिहिलं. तोंडानं ते फक्त उखाण्यात घेतलंय, एरवी आमचं "अहो" चालतं. पण वहीत "अहो" लिहिलं तर कोणाला हाक मारतेय तेच कळायचं नाही.

पनवेलमध्ये पायलीला पन्नास डॉक्टर आहेत. मी वाशीचा शोधला, म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको. त्यांनी एका दमात बरंच सांगितलं. गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, लघवी केशरी होईल तर घाबरायचं नाही, सांधे दुखतील, डोळ्यांना जरा काही वेगळं वाटलं तर लगेच कळवायचं, पोटभर खायचं. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीत होतं, लागण होईल का. काही आठवड्यांनी होणार नाही म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

कोणाला सांगायचं नाही हे मीच ठरवलं. सोसायटीत सांगितलं निमोनिया. लेकीला, रेवालाही तेच सांगितलं. ती बंगलोरला, उगाच जिवाला घोर. गोळ्या पाकिटातून काढून च्यवनप्राशाच्या रिकाम्या डब्यात ठेवते, कामवालीनं नाव वाचायला नको. उदयसिंह म्हणाले, "कुमुद, चोरी केलीय का मी?" त्यांना काय कळणार. माझ्या मावशीला टीबी झाला होता. तिचा कप वेगळा, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला. मावशी बरी झाली, पुढे वीस वर्षं जगली, पण कप काही खिळ्यावरून उतरला नाही.

आज डॉक्टरांच्या परवानगीनं ते पुन्हा गोल्फला गेले. खारघरच्या डोंगराखाली, मोकळी हवा. नोकरीत असताना साहेबांच्या नादानं लागलेलं वेड, निवृत्तीनंतर पक्कं झालं. दम लागला तर कोण बघणार म्हणून मीही गेले आणि थर्मास घेऊन बाकावर बसले. निम्मा वेळ मंडळी चेंडूच शोधत होती. पावसानं गवत माजलंय, त्यात पांढरी रानफुलं आणि जिकडे तिकडे बगळे. धनेश भावजी, म्हणजे यांचे गोल्फचे जोडीदार, चेंडू समजून एका बगळ्याकडे काठी घेऊन गेले. तो उडाला तेव्हा मी ऑगस्टनंतर पहिल्यांदा मनापासून हसले.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळलं. त्यांनी साडी घातली ताटात, अंजिरी. मग मीही एक खोका पुढे केला. रंगीत गोल्फचे चेंडू. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी. मोबाइलवरून मागवलेत. आता बगळ्यांच्या मागे धावायला नको.

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "गोल्फचा चेंडू पांढरा असतो गं. हे म्हणजे सत्यनारायणाला जीन्स घालून बसण्यासारखं." मी म्हटलं, आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी जोडपं बसलं होतं की तसं, आणि देव पावला त्यांना, मुलगा झाला. मग लाल चेंडू हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. आवडला असावा.

२६ ऑक्टोबर, रविवार

चेंडूंचं उद्घाटन झालं. धनेश भावजी म्हणाले, "वहिनी, हे खेळायला आणलेत की फराळाच्या ताटात ठेवायला?" बाकीचेही हसले. पण लाल चेंडू उडाला आणि पार लांब, उतारावर जाऊन पडला, तरी मला बाकावरून दिसत होता, हिरव्यावर कुंकवाच्या बोटासारखा. उदयसिंह न शोधता सरळ त्याच्याजवळ गेले. बाकीचे तिघे आपापले पांढरे हुडकत होते. परतताना माझ्याकडे बघून काठी जरा उंच केली. माझं बक्षीस मिळालं मला.

भावजींनी निघताना गावठी अंड्यांची पिशवी दिली. त्यांच्या साडूच्या कोंबड्या म्हणे. मी नको म्हटलं, पण ऐकलंच नाही. ही अंडी अचानक का? सहा वर्षांत या माणसानं कधी केळं दिलं नाही.

९ नोव्हेंबर

पुन्हा अंडी. शिवाय खजूर. मी विचारलं, कशाबद्दल? म्हणाले, "घरात पडून होतं, वहिनी." मला हे लक्षण ठीक दिसत नाही. त्यांना संशय आला असेल तर सगळीकडे होईल. उदयसिंहांना बजावलं, खोकला आला तर पाणी प्या आणि थंडीचं निमित्त सांगा. त्यांनी कपाळाला हात लावला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मूड गेला. लाल चेंडू हरवला म्हणून परत आले. आणि तो मला दिसत होता! बाकापासून फार लांब नाही, आंब्याच्या झाडाच्या अलीकडे. ते त्याच्या बाजूनं दोनदा गेले. मी हात केला, बोट दाखवलं, तरी खाली बघत पुढे. शेवटी मीच उठून उचलून दिला तर म्हणतात, "हा होय? मातकट पडलाय अगदी. रंग उडाला याचा."

मी चेंडू उन्हात धरून बघितला. लालभडक आहे. धनेश भावजींसमोर बायकोनं आणलेल्या वस्तूची अशी शोभा करायची? नको असेल तर सरळ सांगावं ना, पांढराच बरा म्हणून.

७ डिसेंबर, रविवार

आज केशरीही "मातकट". गुलाबी "राखाडी". पिवळा तेवढा चालतो म्हणे. मला वाटलं खरंच रंग कच्चे असतील, म्हणून घरी आल्यावर चारही चेंडू साबणानं धुतले. ते रात्री होते तसेच सकाळी. तरी दुकानदाराला तक्रार टाकली, एकच तारा दिला. त्यानं उत्तर पाठवलं, "मॅडम, बाकी कोणाची कंप्लेंट नाही."

पेपर आता खिडकीशी नेऊन वाचतात, तोही डोळे बारीक करून. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. म्हणाले, "असेल."

१९ डिसेंबर

नवीन पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बाकावर भावना बसलेली. आमच्याच मजल्यावरची, आईचे डोळे दाखवायला आलेली. गावभर बोंबलायचं असेल तर तिला एक गोष्ट हळूच सांगावी. नेमकी आमच्या पाठोपाठ आईला घेऊन आत आली, तिच्या आईची तपासणीची खुर्ची पडद्याच्या पलीकडेच.

डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" उदयसिंह तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "बी.पी.ची. फक्त बी.पी.ची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. ते गप्प झाले.

मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, वयानं होतंच, नंबर बदला म्हणाले. चला, डोळ्यांची काळजी मिटली. भावना जिन्यात म्हणाली, "काका किती उतरलेत हो." मी म्हटलं, गोल्फ खेळतात ना.

२२ डिसेंबर

वाशीला दाखवून आलो. वजन वाढलंय, छातीचा फोटो छान. डॉक्टरांनी विचारलं, दुसरा काही त्रास? मी म्हटलं काही नाही. चष्म्याचा नंबर बदलला हे काय सांगायचं छातीच्या डॉक्टरांना, तेवढ्यावरून आणखी दोन तपासण्या लावायचे. गोळ्या संपत आल्या की सुटलो, मग कोणाच्या बापाला कळणार नाही.

२८ डिसेंबर, रविवार

नवा चष्मा आला. चष्मा झकास, दिसणं तसंच.

आज त्यांनी दुसऱ्याचाच चेंडू मारला. धनेश भावजींचा पांढरा त्यांना दिसला आणि नव्या चष्म्याची परीक्षा म्हणून घेतलेला स्वतःचा लाल शेजारी असून दिसला नाही. गोल्फमध्ये हे म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं खाणं. भावजी हसून म्हणाले, अरे होतं. पण हसले नाहीत खरं तर, त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

मला एक भलतीच भीती वाटायला लागलीय. इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही. मामंजी गावी, आपट्याला, शेवटची वर्षं असेच होते. आधी वस्तू सापडेनात, मग समोर ठेवलेली वस्तू ओळखेनात, मग मला "कोण गं तू, कुणाची?" विचारायचे. हे त्यांच्याच वळणावर चाललेत का? समोरचा लाल चेंडू माणसाला मातकट कसा दिसेल, डोक्यातच काही झाल्याशिवाय?

जेवताना सहज म्हणून एकोणतीसचा पाढा विचारला. घडाघडा म्हटला, वर पावकी निमकी म्हणून दाखवली. मग म्हणाले, "आता तू बरी आहेस ना, ते सांग."

पाढे बरोबर आले म्हणून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मामंजींनाही पाढे शेवटपर्यंत येत होते.

१४ जानेवारी, संक्रांत

हे लिहू की नको.

संध्याकाळी काळी साडी नेसले, दागिने घातले. भावना आणि खालच्या दोघींकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. आज सणाचं म्हणून टिकली न लावता ठसठशीत कुंकू लावलं, मेण लावून, आईसारखं. तिळाची वडी द्यायला यांच्यापुढे गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "सणाचं कपाळ मोकळं का गं? कुंकू नाही लावलंस?"

माझ्या हातातली वडी खाली पडली.

आरशात जाऊन बघितलं. होतं. चांगलं रुपयाएवढं होतं. हळदीकुंकवाला गेले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मी शिकलेली बाई आहे, बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. पण संक्रांतीच्या दिवशी नवऱ्याला बायकोच्या कपाळावरचं कुंकू दिसू नये, याला काय म्हणायचं? देवापाशी दिवा लावून बसले. ते दारात येऊन उभे राहिले. "चुकलं का माझं काही?" म्हणाले. मला रडू आवरेना.

१८ जानेवारी, रविवार

सगळं लिहायचं. काही गाळायचं नाही.

आज धनेश भावजींची गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून खेळून परतताना ते आमच्या गाडीत मागे बसले. उदयसिंह चालवत होते. कळंबोलीच्या सिग्नलला समोर लाल दिवा. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील. ते थांबले नाहीत. उजवीकडून बंदराचा कंटेनर येत होता. त्यानं ब्रेक मारला, त्याच्या चाकांचा आवाज अजून कानात आहे. आमची गाडी कशी पलीकडे गेली ते देवाला ठाऊक.

भावजींनी गाडी कडेला घ्यायला लावली. उदयसिंहांचे हात चाकावरून निघत नव्हते. म्हणाले, "लाल होता? मला तिन्ही दिवे सारखेच दिसले."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. लाल चेंडू. लाल कुंकू. लाल दिवा. पाढे नव्हेत, नावं नव्हेत, मामंजी नव्हेत. नुसतं लाल. बावीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणे.

भावजी मागून पुढे वाकले. "वहिनी, याला गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बी.पी.च्या," मी म्हटलं. जीभ आपली सवयीनं बोलली. उदयसिंहांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मग मी म्हटलं, "टीबीच्या."

"ते माहितीये," भावजी म्हणाले. "त्यातली कुठली, ते विचारतोय."

मी मागे वळले. ते खाली बघत म्हणाले, "माझ्या मोठ्या भावाला झाला होता. त्याचे डोळे असेच गेले... म्हणजे, जायला लागले होते. त्यातल्या एका गोळीनं होतं कोणाकोणाला."

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते ओशाळले. म्हणाले, गोल्फनंतर बाथरूमला शेजारी उभं राहतो आम्ही, ऑक्टोबरमध्येच दिसलं, केशरी. भावाच्या वेळचं आठवलं. आम्हा तिघांनाही कळलं होतं. "तुम्ही निमोनिया म्हणालात. म्हटलं, यांना सांगायचं नसेल तर आपण कशाला. म्हणून मग अंडी आणत होतो."

आम्ही लपवत होतो आणि ते लपू देत होते. सगळे किती सभ्य. आणि त्यात उदयसिंहांचे डोळे चालले होते.

१९ जानेवारी

वाशीचे डॉक्टर ओरडले नाहीत, त्यानं जास्त लागलं. भिंतीवरच्या तक्त्यातल्या ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावले. मला दिसत होते, त्यांना एकही नाही. ती गोळी आजपासून बंद. बाकीचा कोर्स चालू राहील, टीबी बरा होतोय, त्याची चिंता नाही म्हणाले. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, वेळेत थांबवलं तर बहुतेकांची नजर परत येते, काहींची पूर्ण येत नाही. काही महिने वाट बघायची. "पहिल्यांदा रंग बदलले तेव्हाच यायला हवं होतं. मी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. वाशीला मी चष्म्याचं बोलले नाही आणि पनवेलला गोळ्यांचं. दोघांना निम्मं निम्मं वाटलं, संक्रांतीच्या तिळगुळासारखं.

खाली आलो. उदयसिंह म्हणाले, "तुझा एकटीचा दोष नाही. मलाही तोंड आहे." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्या आल्या च्यवनप्राशाचा डबा घासून पुसून फडताळात वर टाकला. गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवलीत, नावासकट. रेवाला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी येतेय."

२३ जानेवारी

भावना लिफ्टमध्ये भेटली. काकांचं कसं आहे म्हणाली. मी सांगितलं, टीबी होता, बरा होतोय, आता डोळ्यांना जपायचंय. लिफ्ट दोन मजले वर गेली. मग ती म्हणाली, "माझ्या आईला पण झाला होता, काकू. तेव्हा मी आठवीत. घरी कोणी बोललं नाही." संध्याकाळी डाळिंबं घेऊन आली आणि माझ्याच घरातल्या कपातून चहा प्याली.

८ फेब्रुवारी, रविवार

गाडीची किल्ली माझ्याकडे. गोल्फ बंद. रोज सकाळी चार चेंडू टेबलावर मांडते आणि रंग विचारते. गेल्या आठवड्यापासून ते चारही बरोबर सांगतात. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी. मी रोज देवापुढे साखर ठेवायला लागले. रेवालाही कळवलं, सुधारणा आहे. ती दोन दिवस राहून गेली तेव्हा बापाला मिठी मारून नुसती बसली होती.

आज रविवार म्हणून टेबल पुसलं आणि मग चेंडू मांडले. कसे हाताला आले तसे. त्यांनी त्याच सुरात सांगितलं, "लाल, केशरी, पिवळा, गुलाबी." पहिला पिवळा होता.

मी रोज खोक्यात होते त्याच क्रमानं मांडत होते. त्यांनी क्रम पाठ केला होता. माझ्यासाठी.

चेंडू उचलले, चहा ठेवला. पाणी उकळून उकळून आटलं. पुन्हा लपवाछपवी, या वेळी त्यांची. मग मात्र बाहेर आले आणि सांगितलं, पहिला पिवळा होता. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तू रोज इतकी खूश व्हायचीस." दोघंही रडलो. ठरलं, यापुढे दिसेल तेच बोलायचं. बरं वाटावं म्हणून नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

धनेश भावजी ऐकेनात, घेऊन गेले आम्हाला खारघरला. आता पांढरेच चेंडू. उन्हानं गवत वाळलंय, बगळेही कमी झालेत, आणि यांना एवढाच रंग धड ओळखू येतो. मी बाकावर न बसता शेजारून चालले. ते मारायचे आणि विचारायचे, कुठे? मी सांगायचे, डावीकडे, दगडापाशी. एकदा चुकून "त्या लाल फुलांच्या झाडाखाली" म्हटलं. ते थांबले आणि म्हणाले, "कुठलं झाड?" पांगारा होता, पान नाही, नुसता पेटलेला. मी हाताला धरून नेलं.

माझे रंगीत चेंडू खोक्यात आहेत. भावजींनी ते मागितले होते, खेळून बघतो म्हणाले. दिले नाहीत.

१९ मार्च, गुढीपाडवा

काल वाशीला जाऊन आलो. तक्त्यातला एक आकडा वाचला त्यांनी, दुसरा चुकला. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, अजून वेळ द्या. मी विचारलं, म्हणजे पूर्ण येईल ना? म्हणाले, "बघू." डॉक्टर लोकांचा हा "बघू" मला आवडत नाही.

सकाळी गुढी उभारायची म्हणून धावपळ. ती अंजिरी साडी नेसले. गॅलरीत काठी त्यांनी धरली, मी एका हातानं वरचा तांब्या सरळ करत होते. खालून भावनानं हाक मारली, काकू, उजवीकडे घ्या जरा. धनेश भावजींनी सकाळीच कडुलिंब आणून टाकलेला, त्याच्या चटणीची ताटली माझ्या दुसऱ्या हातात. केस सुटलेले, घाम आलेला.

उदयसिंह माझ्याकडे बघत होते. चटणी कडू लागली म्हणून तोंड वाकडं केलंय असं मला वाटलं. म्हटलं, काय?

"टिकली वाकडी लागलीय तुझी," म्हणाले. बोट पुढे करून सरळ केली आणि पुन्हा काठी धरली.

कुठल्या रंगाची, ते मी विचारलं नाही.